पेशीतला मांडव

कोंढा

चि. अपेक्षा हिस अनेक शुभाशीर्वाद.

पेशीच्या आतल्या ज्या सांगाड्यावर तू संशोधन करतेस, त्याला मी मराठीत 'पंजर' हा शब्द सुचवला होता. तो चुकला. पंजर एकदा घडला की तसाच राहतो. तुझ्या सांगाड्याचे तंतू तर क्षणोक्षणी सुटतात आणि पुन्हा जुळतात.

काल पूजेनंतर तुझे वडील म्हणाले, "बाबा, चांगलं स्थळ आलं. पोरीचं संशोधन पुरे झालं, आता मांडव कवा टाकाचा?"

मी म्हणालो, "तिच्या तं पेशीपेशीत मांडव हाये, अन् तो सारखा नवा टाकावा लागते!"

आजी हसली, "बुढा नातीले बिघडवून राह्यला!"

'पेशीमांडव' हाच शब्द घे. देहाला क्षेत्र म्हणणाऱ्या गीतेसारख्या शास्त्रांनी एवढे आत पाहिले नव्हते.

स्थळाला मी नकार कळवला. हे पत्र मात्र धाडत नाही, शब्द तेवढा वेगळा कळवीन. वाचून तू प्रयोग अर्धवट टाकशील आणि बापाशी भांडायला गावी येशील.

श्रीहरी तुझी दृष्टी स्थिर ठेवो.

तुझा आजोबा,
टिकाराम