ताईच्या डोक्यातलं प्लॅटिनम

४ जून
ताईच्या मेंदूतल्या धमनीला फुगा आलाय! डोकं दुखतं म्हणून स्कॅन केला, तर हे निघालं. फुटला तर संपलंच — मावशी अशीच गेली. स्कॅन झाल्यापासून आई ताईला चिकटून आहे. मीही घाबरले, खरंच घाबरले. पण चहा मीच केला, भांडी मीच घासली. कुणाला दिसलेसुद्धा नाही.

९ जून
डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. डोकं उघडायचंच नाही! जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची. मग रक्त आत शिरत नाही, फुटायची भीती जाते.

प्लॅटिनम! ताईच्या डोक्याच्या आतसुद्धा प्लॅटिनम. आणि माझ्या कानात खोटे डूल!

१२ जून
झालं. सुखरूप. आनंदानं रडले मी, देवाशपथ.

पाय वाकवायचा नाही म्हणून ताई सरळ पडलेली, आणि आई चमच्यानं पाणी पाजतेय — "माझं सोनं गं ते!" माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा फोनवर म्हणाली होती, "तुझं काय, तू खंबीर आहेस." जळतेय मी. लिहूनच टाकते. नुसती जळतेय!

१३ जून
दाजी म्हणाले, "तू होतीस म्हणून निभावलं गं." आईला ऐकू गेलं नसावं.

२० जून
ताई आरामाला आमच्याकडेच आलीये. "आई, उशी! आई, पाणी!" — आई धावतेच.

मावशी आणि आता ताई, घरात दोघींना हे निघालं, म्हणून आज आईचा आणि माझाही स्कॅन झाला. यंत्रात पडल्या पडल्या मनात आलं — माझ्यातही निघू दे. छोटासा. आई उशाशी तरी बसेल. शी! काय बाई मी!

२३ जून
माझ्यात काही नाही. रिपोर्ट वाचून हिरमुसले! कुणाला सांगू हे? आई तिचा रिपोर्ट स्वतःच घेऊन आली. "मलाही काही नाही," म्हणाली आणि ताईचे केस विंचरायला बसली.

२४ जून
आई माझ्या खोलीत आली. दार लावलं. तिच्यातही आहे — फार खोल, अवघड जागी. तिथे नळी नेण्यातच जास्त धोका, नुसतं लक्ष ठेवायचं. "ताईला कळू देऊ नकोस. फक्त तुलाच सांगतेय."

माझा हात धरून बसून राहिली. बाहेरून ताई हाका मारत होती, तरी उठली नाही.