शेजाऱ्यांचं मी बघतो

४ जानेवारी, रविवार
ठरलं. या वर्षी स्वतःचं घर. चामराजपेटेत, वीस बाय तीसच्या साइटवर. साइट कागदोपत्री श्रीविद्याची, कारण ती सासऱ्यांनी तिला दिली. पण व्हिजन माझं. खाली सासरे (नरसिंहरावांचे गुडघे गेलेत, जिना जमत नाही), वर आम्ही, त्याच्यावर माझी स्टडी. बेळ्ळंदूरच्या या फ्लॅटचा मालक ऑगस्टमध्ये परत येतोय. म्हणजे जुलैअखेर गृहप्रवेश. आरामात.
विद्या म्हणाली, आधी मी महानंदाअक्कांशी बोलून येते, शेजारचं घर त्यांचं, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. म्हटलं, शेजाऱ्यांचं मी बघतो. नऊ वर्षं ऑफिसात स्टेकहोल्डर मॅनेजमेंटच करतोय. ती भाजी चिरायला लागली. पटलं असावं.
संकल्प: रोज दहा कन्नड शब्द.

११ जानेवारी, रविवार
फर्स्ट कॉन्टॅक्ट. एकटाच गेलो. डावीकडे महानंदाअक्का. कॉफी दिली, वीस मिनिटं कन्नडमध्ये बोलल्या. ऐंशी टक्के कळलं. आमच्या साइटकडे उघडणारी त्यांची एक खिडकी आहे, तिच्याकडे सारखं बोट दाखवत होत्या. उजेडाचं कौतुक करत असणार. मी सगळ्याला ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणालो.
उजवीकडे देवाप्पा. याची रिक्षा गेली कित्येक वर्षं आमच्या साइटवर उभी असते. हिंदीत म्हणाला, देखेंगे. म्हणजे होकारच.
कन्नड शब्द: आज प्रॅक्टिकल झालं, म्हणून थिअरी नाही.

१८ जानेवारी
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला: ‘ड्रीम होम नेबर्स कनेक्ट’. चौदा जण घेतले. दुपारपर्यंत नऊ बाहेर. उरलेल्यांत मी, विद्या आणि सासरे. राहिलेल्या दोघांनी अजून मेसेज उघडलेला नाही.

२५ जानेवारी, रविवार
साइटवर मीटिंग. बावीस स्लाइड्स. भर उन्हात प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, हे कोणी आधी सांगायला नको? देवाप्पा आला, पण रिक्षा काढायला. अक्का आल्या आणि पुन्हा खिडकीचं काढलं. विद्याने भाषांतर केलं: त्यांच्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर आहेत, त्या खोलीला ती एकच खिडकी आहे, आणि आमची भिंत तिच्यापासून अर्ध्या फुटावर येणार. म्हटलं, व्हॅलिड कन्सर्न आहे, सतराव्या स्लाइडवर येतोय. नवव्या स्लाइडला अक्का उठून गेल्या. लोकांना पेशन्स नाही.
मद्दूर वडे उरले. घरी आणले. दोन दिवस तेच.

१ फेब्रुवारी
फीडबॅक फॉर्म पाठवला. प्रश्न फक्त अकरा. उत्तर एक, तेही सासऱ्यांचं. पाचपैकी दोन स्टार. खाली लिहिलंय, जावईबापू, आधी विद्याला पाठवायचं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
किती थांबायचं? पाया सुरू. कॉन्ट्रॅक्टर महांतेश निपाणीचा, मराठी बोलतो, पण भित्रा. म्हणाला, सर, देवाप्पाची भिंत जुनी आहे, मातीतली, तिथं माणसं लावून हातानं खणूया हो. हाताने खणलं तर जुलै कसा गाठणार? जेसीबी आणवला.
अकरा वाजता देवाप्पाच्या स्वयंपाकघरातलं प्लॅस्टर पडलं. थेट डोशाच्या पिठात. बायको-पोरं बाहेर पळाली. कोणाला लागलं नाही, तरी तो ओरडत होता. मी म्हटलं, कूल डाउन. त्याने आणखी ओरडायला सुरुवात केली.

१८ फेब्रुवारी, बुधवार
वॉर्ड ऑफिसची नोटीस. काम बंद. शेजाऱ्यांची तक्रार, अठरा सह्या. माझ्या मीटिंगला दोघं, आणि सह्या अठरा! विद्याने विचारलं, आता तरी मी जाऊ का? म्हटलं, आता तर अजिबात नको. वीकनेस दिसतो.

१ मार्च, रविवार
माफीपत्र. मोबाइलच्या अ‍ॅपवरून कन्नड करून घेतलं, वीस प्रिंट काढल्या, दारोदारी चिकटवल्या. ‘मी तुम्हा सर्वांकडे नीट बघेन’ अशी आश्वासक ओळ शेवटी ठळक अक्षरांत.
संध्याकाळी विद्याने वाचलं. बराच वेळ कपाळाला हात लावून बसली. म्हणे कन्नडमध्ये झालंय, एकेकाला बघून घेतो.
अ‍ॅपला एक स्टार दिला.

८ मार्च, रविवार
पर्सनल टच हवा, म्हणून माफी मागायला अक्कांकडे गेलो. त्या आत बसायला म्हणाल्या नाहीत, तरी गेलो. खोलीत सासूबाई पडून होत्या. खिडकीबाहेर आमचा मातीचा ढीग, गजांपर्यंत आलेला. आतून बघितला नव्हता कधी. म्हातारीने माझा हात धरून काहीतरी विचारलं. ‘कत्तल’ असं काहीसं ऐकू आलं. विनोद करत असतील, म्हणून मी हसलो आणि म्हणालो, सरी, सरी.
दुपारी अक्कांचा विद्याला फोन. विद्या रडली. कत्तलु म्हणजे अंधार. आता इथं अंधार होणार का, असं त्या विचारत होत्या.
हा शब्द माझ्या यादीत नव्हता. यादी सहा शब्दांवर थांबली होती, पण तरी.
जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

२९ मार्च, रविवार
ऑफिसच्या कामाने आठवडाभर पुण्याला होतो. परत आलो तर सगळं मिटलेलं! विद्या मंगळवारी अक्कांकडे गेली होती. दुपारभर बसली, म्हातारीला भात भरवला, मग देवाप्पाच्या घरी चहा. खिडकीच्या बाजूला चार फूट जागा सोडायची. देवाप्पाच्या बाजूला हाताने खणायचं आणि त्याचं स्वयंपाकघर आपण दुरुस्त करून द्यायचं. वर मजला एकच. तक्रार मागे. मातीचा ढीग महांतेशने त्याच दिवशी उचलला.
माझ्या ग्राउंडवर्कचं फळ. फक्त स्टडी गेली. चार फूट गेल्यावर वर आमची खोलीही जेमतेम पलंगापुरती. जुलैचं कोणी बोलत नाही. पुढच्या वर्षी, म्हणे. तोवर दुसरा फ्लॅट शोधायचा, आणि तो मी शोधायचा.
विचारलं, आणखी काही अट? विद्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, एक आहे. घर पुरं होईपर्यंत यजमानांनी गल्लीत यायचं नाही.
विचारलं, तू काय म्हणालीस? म्हणाली, सरी.

२० एप्रिल, सोमवार
आज पायापूजा. मी ऑफिसात. मुद्दामच रजा घेतली नाही, कामं फार आहेत. (दोन मीटिंग होत्या, दोन्ही रद्द झाल्या.)
संध्याकाळी विद्या आणि सासरे आले. सगळं छान झालं म्हणे. सगळी गल्ली आली होती. पहिला दगड अक्कांनी ठेवला, सासऱ्यांना खुर्चीसकट देवाप्पाने उचलून नेलं, आणि म्हातारी खिडकीतून सगळं बघत होती.
मी सहज विचारलं, माझं नाव निघालं का?
विद्या म्हणाली, हो तर. अक्कांनी दोनदा विचारलं, ते येणार नाहीत ना?