कुणालाही न दुखावणारं नाव

५ जानेवारी १९९७, जळगाव
रक्तदाते शोधून देणारा प्रोग्रॅम तयार. फुकट वाटणार, ज्याला हवा त्याने फ्लॉपीवर कॉपी करून न्यावा. कोडिंग सगळं अभिमनचं. तो शिंदखेड्याला शाळेत मास्तर, रविवारी गाडीने येतो. मी या कामाचा प्रमुख, म्हणून नाव ठेवणं माझ्याकडे. अट एकच, कुणाचंही मन दुखावता कामा नये. संध्याकाळपर्यंत उरकेल.

७ जानेवारी
सापडलं! रक्तबीज. वैज्ञानिक, शिवाय शेतीचा वास. कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, देवीने मारलेला राक्षस आहे तो. बायकोला आधी विचारायला नको होतं.

९ जानेवारी
रक्तमित्र. कॉम्प्युटर बन्सीलालच्या टायपिंग क्लासमधला, त्यामुळे त्याचं मत घ्यावं लागतं. त्याचं म्हणणं, सकाळी उदबत्ती लावून मशीन सुरू करायचं आणि पहिला शब्द 'रक्त'? जमणार नाही. हताश. 'रक्त' न म्हणता रक्तदान कसं सांगायचं? कुंदा म्हणते, पोर चालायला लागलं तरी तुमचं बारसं होईना.

१२ जानेवारी, रविवार
शुद्धधारा! रक्त नाही, पावित्र्य आहे. बन्सीलाल खूश. अभिमनने की-बोर्डवरचे हात काढून घेतले. म्हणाला, "शुद्ध म्हणजे कुणाची, नाना?"
सगळ्यांचीच, मी म्हटलं.
"मग शुद्ध कशाला म्हणायचं? माझ्या आईला हा शब्द विहिरीवर फार ऐकवलाय लोकांनी."
चहा न घेता निघून गेला. जुन्या गोष्टी. मी कधी कुणाला विहिरीवर काही बोललो? बहुधा त्याला पित्त झालं असावं.

१९ जानेवारी, रविवार
अभिमन आला नाही. शाळेत परीक्षा असणार. अडत नाही. स्क्रीनवर 'शुद्धधारा' हे नाव मीच टाकणार. असं काय कठीण आहे त्यात?

२० जानेवारी
प्रोग्रॅम उघडत नाही. नाव टाकण्याआधी उघडत होता. घाबरून मूळ फ्लॉपी घातली, तीवरही हेच बिघडलेलं सेव्ह झालं. मशीन जुनं आहे. बन्सीलालला सांगायला हवं.

२३ जानेवारी, धुळे
माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पिशवीचं ऑपरेशन. रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह, आणि ब्लड बँकेत नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच धावपळ करा. दोन जिल्ह्यांतले दाते माझ्याकडे आहेत, पण न उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये! एसटीडी बूथवरून बन्सीलालला विनवलं, देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू कर. त्याने केलं. फाइल सापडत नाही. अक्काचे यजमान जीवरामभाऊ भिंतीला टेकून बसलेले. म्हणाले, "तुमनं ते कंप्यूटर कव्हय कामले ई, भाऊ?"
कधी कामाला येणार, हे मलाच कुठे माहीत! शेवटी अभिमनच्या शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर फिरवला. तो फोनवर आला. मी कशीबशी सुरुवात केली: अभिमन, त्या दिवशीचं...
"ग्रुप सांगा," तो म्हणाला.

२४ जानेवारी, धुळे
काल दिवस मावळायच्या आत अभिमन आला. शाळेच्या कॉम्प्युटरवर त्याची जुनी कॉपी होती. तीतून दोंडाईच्याचे एक कंपाउंडर शोधून बरोबरच आणले. दुसरा दाता तो स्वतः. त्याचाही ओ निगेटिव्ह, हे मला माहीतच नव्हतं.
आज सकाळी अक्काने डोळे उघडले, चहा मागितला. जीवरामभाऊ अभिमनचा हात सोडायला तयार नव्हते.
त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. माफी मागायची, हे पक्कं. रिक्षात वाक्य मनात घोळवलं. स्टँडवर त्याच्यासाठी केळी घेतली. तो खिडकीशी बसला. गाडी सुरू झाली, आता किंवा कधीच नाही. मी खिडकीला धरून धावलो आणि तोंडातून निघालं, "अभिमन, तुझ्या कॉपीला नाव काय दिलंस?"
त्याने केळी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "अक्कांना गोळ्या वेळेवर द्या."
आणि काच ओढून घेतली.