भट्टीची झडप

इल्का,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. शेजारच्या ऐलीला पाव द्यायला चालले आहे. रात्रीच्या बर्फानं तिचं दार अडलं असणार. बर्फावरची ढकलगाडी नेते आहे, तेव्हा पडण्याची काळजी नको. तुझी मोटार मात्र पुरती गाडली गेली आहे. फावडं दाराच्या आत आहे.

स्वयंपाकघरातली विटांची भट्टी पेटवली आहे. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसते तोवर धुराड्याची झडप लावू नकोस. आठ वर्षांचा असताना तू घाईनं लावलीस, निखाऱ्यांचा विषारी वायू घरात कोंडला आणि आपण सगळे डोकी धरून बर्फात उभे राहिलो. तुझे बाबा म्हणाले होते, "ऊब वाचवायला निघाला आणि घरदार बाहेर काढलं पठ्ठ्यानं!"

काल तू शहरातल्या फ्लॅटचे कागद पुढे केलेस, तेव्हा मला तेच आठवलं. "आई, विजेचं बिल बघ, हे घर तापवणं आता परवडत नाही," म्हणालास. खरं आहे. म्हणून तर वरच्या खोल्या मी बंद ठेवल्या आहेत. मला स्वयंपाकघर पुरतं. आणि तिथंच भट्टीशेजारच्या बाकावर तू झोपलास. मी दोनदा पांघरूण घातलं, दोन्ही वेळा लाथाडलंस.

झडप वेळेवर लागली, तर विटा रात्रीपर्यंत ऊब धरून ठेवतात. संध्याकाळी भट्टीच्या भिंतीला हात लावून बघ. गार लागली तर मी मुकाट्यानं सही करीन. गरम असली, तर ते कागद बर्चच्या सालींच्या टोपलीत टाक. उद्या पेटवणाला होतील.

झडप तू वेळेवरच लावशील, ठाऊक आहे मला.

आई