दोन डब्यांचे एकच नाव

विश्रामबाग, सांगली.
शुक्रवार, ता. ३ डिसेंबर १९९९. सकाळचे सव्वासात. स्टोव्हवर दूध ठेवले आहे आणि ते उतू जाऊ नये म्हणून दर ओळीला मान वर करून पाहतो आहे.

ती. मामा,

इकडूनच वाकून नमस्कार करतो. मामींचा गुडघा कसा आहे? (तेल कोमटच लावावे, मागच्या वेळी कडकडीत लावून कातडे भाजले होते.) माझी प्रकृती ठीक आहे. झोप लागत नाही, पण ती मी प्रकृतीत धरत नाही.

तुम्हांला ठाऊकच आहे, की हळदीचे व्यापारी आप्पासो यांच्या पेढीवर मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवले आहे. मुदत या महिनाअखेर संपते. कायम केले तर बरे, नाहीतर वळकटी बांधून वाईला परत. आणि मामा, हे सगळे येऊन ठेपले दोन पांढऱ्या डब्यांवर.

आप्पासोंचे जावई धवलराव अमेरिकेत असतात. दिवाळीला येताना त्यांनी मांडीवर मावेल एवढा संगणक आणि हे डबे आणले. डबे भिंतीला लावले, की तो छोटा संगणक तारेशिवाय पेढीतल्या मोठ्या संगणकाशी बोलतो. एक डबा पेढीत, दुसरा मागच्या गोदामात, मध्ये लांबलचक अंगण. संगणक हातात घेऊन चालत निघावे, पहिल्या डब्याने सोडावे, दुसऱ्याने धरावे (तान्हे मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जाते तसे), आणि गोदामातल्या पोत्यांची वजने जागच्या जागी पेढीत उमटावीत. एवढे सांगून आणि इंग्रजी पुस्तिका माझ्या हाती देऊन धवलराव विमानात बसले. मी बारावीच्या इंग्रजीत अडकलेला माणूस! तरी शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्या पानापासून वाचली.

पुस्तिकेत होते, की डब्याला नाव द्यावे. आता पेढी थोरल्या चिरंजीवांकडे, म्हणजे रामगोंडांकडे. गोदाम धाकट्या भरतेशांकडे. वाटणीची बोलणी निघाल्यापासून दोघांचे बोलणे बंद. एकाने 'त्याला सांग' म्हणायचे, दुसऱ्याने 'त्याला विचार' म्हणायचे आणि मी अंगणातून ये-जा करायची. म्हणून मी विचार केला, की ज्याच्या भिंतीवर डबा त्याचेच नाव त्याला द्यावे. मानही राहील आणि घोटाळाही होणार नाही. स्पेलिंग दोघांच्या लग्नपत्रिकांवरून ताडून घेतले.

सोमवारी चाचणी. आप्पासो पुढे, मागे आरतीचे ताट धरावे तसा संगणक दोन्ही हातांनी धरून मी. हळद घेऊन आलेले कडेगावचे एक शेतकरी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आवं आप्पासो, ह्ये प्वार परडी घिऊन जोगवा मागत हिंडतंय का काय?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण पडद्यावरच्या रेघा कमी होत चालल्या होत्या. अंगणाच्या मध्यावर एकच उरली, गोदामाच्या दारात तीही गेली. दुसऱ्या डब्याच्या अगदी खाली उभा राहिलो, तरी ओळख नाही. संगणक पेढीतल्या डब्यासाठीच झुरत होता (नवी सून सासरच्या माजघरात बसून माहेरच्या वाटेकडे कान लावते, तसा).

आप्पासो एवढेच म्हणाले, "दोघं भाऊ बोलत न्हाईत, आता डबं बी बोलंनात व्हय?"

संध्याकाळी अमेरिकेला फोन लावला. धवलराव आधी पोट धरून हसले आणि मग म्हणाले, की दोन्ही डब्यांना नाव एकच हवे. नाव एक असले तरच संगणकाला दोन्हीकडे घर आपलेच वाटते आणि तो बिनतक्रार इकडून तिकडे जातो. मी नीटनेटकेपणाने वेगवेगळी नावे दिली, तिथेच सगळे फसले.

आता एकच नाव, पण कोणाचे? थोरले म्हणाले, माझ्या भिंतीवर त्याचे नाव नको. धाकटे तेच म्हणाले. मी आप्पासोंचे सुचवले, तर वाटणी होण्याआधी बापाचे नाव कशाला मध्ये, असे दोघेही म्हणाले (या पाच महिन्यांत त्यांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहिले). तेव्हा आप्पासो कडाडले, "काय बी घाल जा! पर आमच्या घरातलं नगं!"

मामा, तिघेही माझ्या बोटांकडे बघत होते. डोक्यात दुसरे काही येईना. मी 'अबोली' असे घातले. हो, तुमचीच.

त्यानंतर संगणक पेढीतून गोदामात असा गेला, की एक रेघ हलली नाही. पहिल्या पोत्याचे वजन पेढीत उमटले तेव्हा रामगोंडा तिथूनच ओरडले, "भरतेश, आलं रं!" आणि गोदामातून "आलं व्हय?" असे उत्तर आले. आप्पासोंनी डोळे पुसले. (हळदीच्या धुरळ्यानेही असे होते.)

मग त्यांनी मला बाजूला घेतले. "अबोली कोण रं?" मी म्हणालो, फूल आहे. "फुलाचं नाव घालताना कान लाल हुत्यात व्हय? मामाची हाय का?" मी मान हलवली. ती 'मामाची मुलगी आहे' एवढ्यापुरतीच होती, पण आप्पासो खूश झाले. आधीचा कारकून यंत्र शिकला आणि पुण्याला पळाला. लगीन ठरलेले पोर असे पळत नाही, तेव्हा तू कायम, असे म्हणून त्यांनी पेढे वाटले. मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही, पेढा होता.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा भाचा,
अनंत

ता.क. आप्पासो पुढच्या रविवारी, बारा तारखेला, सपत्नीक तुमच्याकडे मुलाकडचे वडीलधारे म्हणून पानसुपारीला येणार आहेत. पत्ता मीच दिला. दारात 'कसलं लग्न?' असे कृपा करून विचारू नये.

ता.क. २. हे मागणे आईने तुमच्याकडे, भावाकडे, घालायचे असते, हे मला कळते. आईला यातले अजून काही ठाऊक नाही. पण मान हलवण्याआधीही माझ्या मनात हेच होते.

ता.क. ३. सर्वांत आधी अबोलीला विचारावे. ती नाही म्हणाली तर तसेच कळवावे, संकोच करू नये. नाव बदलायला फार वेळ लागत नाही, असे पुस्तिकेत आहे. बदलतील आप्पासो दुसऱ्या कोणाकडून तरी.