मापाची बंदूक

२२ सप्टेंबर, रविवार

गाल सुजलाय! उजवा. दिवसभरात चकती फुटली एक, तीही बहुतेक आपल्या मरणानं मेली.

विष्णुपुरीच्या पुढं माळावर राजशेखर यांनी क्लब काढलाय. नांदेडात बंदुकांचं दुकान त्यांचंच. यंत्रातून मातीची चकती सुटते, ती हवेत फोडायची. बार उडाला की बंदूक गालावर आदळते. सुटण्याआधी आपण ‘पुल!’ म्हणून ओरडायचं. आधी आवाजच फुटेना. घरात इतक्या मोठ्यानं हाक मारायला आहे कोण?

पण मजा आली, खोटं कशाला लिहू! लातूरला कॉलेजात एनसीसीत रायफल धरली होती. त्यानंतर थेट आज, बावन्नाव्या वर्षी.

राजशेखर म्हणाले, “मॅडम, ही क्लबची बंदूक तुमच्या मापाची नाही. दुसऱ्याची चप्पल घालून पळता येतं का? स्वतःची घ्या. पण पितृपाठ उरकू द्या.”

२३ सप्टेंबर

यांची तिथी. पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच शिवला. जेवायला हे कधी थांबायचेच नाहीत!

मृण्मयीचा बंगळूरहून फोन. लेकीला गालाचं सांगितलं. “आई, बंदूक?! एखादं कुत्रं पाळ ना.”

२४ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये सगळ्या गालाकडं बघून राहिल्या होत्या. शेवटी एकीनं हळूच विचारलं, “विशाखाताई, घरी काही...?” अगं बाई, घरात मारायला तरी कोण आहे! हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

घेतली! परवाना उन्हाळ्यातच हातात आला होता. बारा बोअर, एकावर एक दोन नळ्या. तीन लावून बघितल्या. एक जड, हातच थरथरला. एक आखूड, अंगठा नाकावर आपटायचा. तिसरी उचलली आणि हातात बसली. फक्त दस्ता लांब वाटतो — खांद्याला टेकतो ते लाकूड. म्हटलं, कापून द्या.

“एवढ्यात नाही,” राजशेखर म्हणाले. “आठ दिवस घरी रिकामी बंदूक खांद्याला लावा. डोळे मिटून लावायची, मग उघडायचे. नंतर घरच्या माणसाला समोर उभं करा. नळ्या उघडून दोघांनी रिकाम्या बघायच्या, मगच! त्यानं तुमच्या डोळ्यात बघायचं. बुबूळ नळीच्या वर बरोबर मधोमध दिसलं पाहिजे.”

“तुम्हीच बघा ना.”

“परक्या माणसासमोर मान ताठते मॅडम. सगळ्यांचीच. घरच्यासमोर सैल राहते. मिस्टरांना सांगा.”

आणि मी म्हणाले, “हाव, सांगते.”

सांगते! कुणाला? आत्ता तर पान वाढलं. जीभ वळली तरी कशी?

५ ऑक्टोबर

आरशासमोर केलं. आरशात सगळं बरोबरच दिसतं. आपणच मान सरकवून घेतो.

६ ऑक्टोबर, रविवार

बंदूक स्वतःची, तरी छर्रे सगळे वरून गेले. गाल पुन्हा लाल.

“मिस्टरांनी बघितलं का?”

“टूरवर आहेत.”

वा विशाखाबाई! आता टूरवरही पाठवलं!

८ ऑक्टोबर

सुमनबाई भांड्याला आली, तिला म्हटलं जरा समोर उभी राहा.

“नका बाई! माझी लेकरं हायेत!”

“अगं रिकामी आहे. ये, आतून बघ तू.”

“रिकामी असू द्या न्हाईतर भरलेली, नळी हाय ना ती! म्या न्हाई उभी राहणार.”

खरकटी भांडी तशीच टाकून गेली. मीच घासली.

मग यांच्या फोटोसमोर धरली. विचारलं, दिसतोय का डोळा मधोमध? गप्प. होते तेव्हाही असेच. एवढा संसार झाला, पेपरातून नजर कधी वर आली नाही. माझे डोळे कसे आहेत विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं यांना. राग आला. मग राग आला म्हणून वाईट वाटलं. गेलेल्या माणसावर काय रागवायचं!

कुणीतरी एकदा बघा रे. एवढंच हवंय.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. बंदुकीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. पुरण केलं, खाणारी मी एकटी. उद्या जाऊन सांगणार — कापा! माप चुकलं तर चुकलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

दुकानात गेले. “कापा,” म्हटलं.

“मिस्टर काय म्हणाले?”

“नाहीत हो. जाऊन दोन वर्षं झाली. खोटं बोलले मी.”

अरेरे म्हणाले नाहीत. नळ्या उघडून मला दाखवल्या, स्वतः बोट घालून बघितलं, बंदूक माझ्या हातात दिली. आणि समोर येऊन उभे राहिले. “लावा.”

डोळे मिटून लावली. उघडले. ते बघत होते. बराच वेळ. मीही बघत होते. रडू येतंय की काय असं वाटलं, पण नाही आलं.

“दस्ता कापायचा नाही,” म्हणाले. आपट्याचं पान दिलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, का नाही कापायचा ते विचारायचं राहिलंच.

१३ ऑक्टोबर, रविवार

माळावर गेल्या गेल्या विचारलं. म्हणाले, “माप बरोबरच होतं मॅडम. तुमची मान ताठ होती. काल सैल होती.”

काल. परक्या माणसासमोर!