मुळशीमित्र डॉट कॉमचे संस्थापक

२ नोव्हेंबर, पहाटे पाच (म्हणजे साडेआठ)
फ्लेक्सचा धंदा आजपासून बंद. माले नाक्यावर अठरा वर्षं लोकांचे चेहरे छापले. वाढदिवस, निवडी, दशक्रिया. माझा चेहरा नाक्यावर एकदाही लागला नाही. याचं फार वाईट वाटतं. बायकोला, हसिनाला, सांगितलेलं नाही.
आता सोशल नेटवर्किंग वेबसाइट काढणार. नाव मुळशीमित्र. जगातल्या मोठ्या साइट म्हणे हॉस्टेलच्या खोलीत सुरू झाल्या. माझ्याकडे तर अख्खा गाळा आहे. पंख्यासकट. आधी माले, मग सूस, महाळुंगे, मग जग.

५ नोव्हेंबर
साइट तयार. सगळ्यात वर 'संस्थापक : पीरमहंमद' आणि माझा गॉगलवाला फोटो. हसिनाला दाखवली. ती म्हणाली, फ्लेक्सच्या मशीनवर धूळ बसतीया. विषय बदलायची तिची जुनी सवय.

९ नोव्हेंबर
पहिले मेंबर : माजी सरपंच हैबतराव. दुसरा : डोंगरवाडीचा शेळ्यावाला नथू. त्याच्याकडे साधा फोन, म्हणून त्याचं खातं मीच चालवतो. त्याच्या वतीने हैबतरावांना फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. समाज जोडला जातोय.

१० नोव्हेंबर
हैबतराव गाळ्यात आले. चहा घेतला नाही. म्हणाले, पीरभाई, माजा फोटू आन नथूचा फोटू येकाच मापाचा? फ्लेक्सवर आमी वर, मोठे. नथू खाली, बारका, तो बी असला तर. मग हितं ती पद्धत का न्हाई?
मुद्दा पटला. अमेरिकेवाल्यांना हे सुचलेलं नाही. नवीन फीचर : मानाप्रमाणे फोटो.

१४ नोव्हेंबर
फीचर तुफान चाललं. सगळ्या गावाला मेंबर व्हायचंय, मोठ्या मापात. सोसायटीच्या चेअरमनना हैबतरावांपेक्षा बोटभर मोठं केलं. मग हैबतरावांना त्यांच्याहून मोठं करावं लागलं. आता साइट उघडली की आधी नुसती हैबतरावांची मिशी येते. हनुवटीसाठी खाली स्क्रोल करावं लागतं. लोक जास्त वेळ साइटवर राहतात. याला एंगेजमेंट म्हणतात.

१७ नोव्हेंबर
माझा स्वतःचा फोटो सापडत नाही. मिशीच्या मागे गेला असावा. संस्थापकाने नम्रच असावं.
चेअरमन आणि हैबतराव एकमेकांशी बोलत नाहीत. दोघं माझ्याशीही बोलत नाहीत. निदान एका बाबतीत एकमत झालं.

२१ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. साइटवर पहिला ग्रुप निघाला आणि अख्खं गाव त्यात. घाईत न वाचताच मंजुरी दिली, मीही सामील झालो, लाइकही दिला.
संध्याकाळी हसिनाने ग्रुपचं नाव वाचून दाखवलं : 'मुळशीमित्र बंद करा, पीरभाईंचे फ्लेक्स चालू करा'. ग्रुप तिनेच काढलाय. नथूसुद्धा आहे त्यात. त्याचं खातं मी चालवतो, म्हणजे तेही मीच केलं असणार.

२५ नोव्हेंबर
नाक्यावर फ्लेक्स लागला. 'मुळशीमित्र बंद झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन.' हसिनाने मशीन पुसून स्वतः छापला. वर हैबतराव आणि चेअरमन, टेप लावून एकाच मापाचे. खाली शुभेच्छुक. ग्रुपमधले सगळे घ्यायचे म्हणून शेवटच्या ओळीत मीही आहे. नथूच्या शेजारी, नथूएवढाच. पण गॉगल ओळखू येतो.
समोरच्या टपरीवर दोन चहा होईपर्यंत बघत बसलो. डोळ्यात पाणी आलं. रस्त्यावर धूळ फार. नथू शेळ्या घेऊन आला, वर बघून म्हणाला, बेस दिसतुया की.
उद्या याच्यावर हैबतरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागणार आहे. ऑर्डर मीच घेतली.